आत्म्याचा प्रश्न आणि आधुनिक जीवन : गहन मानसशास्त्र व साहित्य यांच्या भेटीचा इतिहास (१९०० ते १९३९)

गोषवारा :
विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत युरोपमध्ये 'आत्मा' हा शब्द धर्मपीठाकडून वैद्याच्या खोलीत आणि कादंबरीच्या पानांत आला. गहन मानसशास्त्र आणि आधुनिक साहित्य या दोन्ही क्षेत्रांनी एकाच काळात माणसाच्या आंतरिक रितेपणाचा शोध घेतला. प्रस्तुत निबंधात कार्ल गुस्टाव्ह युंग व हेर्मान हेस आणि युंग व जेम्स जॉइस या दोन ऐतिहासिक संबंधांच्या आधारे या शोधाचे स्वरूप तपासले आहे. साहित्यकृतीला रोगलक्षण मानले की मानसशास्त्राचे आकलन तोकडे पडते आणि मानसशास्त्राला तयार उत्तर मानले की साहित्य उथळ होते, असे या इतिहासावरून दिसते. मराठीत या संकल्पना आणताना निर्माण होणाऱ्या शब्दार्थाच्या प्रश्नाचाही येथे विचार केला आहे.

बीजशब्द : आत्मा, अबोध मन, नेणीव, गहन मानसशास्त्र, संज्ञाप्रवाह, आधुनिकता.

प्रस्तावना :
इ. स. १९३३ मध्ये लंडन येथून युंगच्या निवडक निबंधांचा एक इंग्रजी संग्रह प्रसिद्ध झाला. 'आत्म्याच्या शोधातील आधुनिक मानव' असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो. संग्रहातील एका निबंधात युंगने आपल्या वैद्यकीय अनुभवातून एक निरीक्षण नोंदवले आहे. त्याच्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना वैद्यकीय व्याख्येत बसेल असा कोणताही मज्जाविकार नव्हता. आयुष्य अर्थशून्य आणि पोकळ वाटणे, हेच त्यांचे दुखणे होते. यांपैकी बहुतेक जण आयुष्याच्या उत्तरार्धातले होते आणि समाजात चांगले स्थिरावलेले होते.

अशा दुखण्याला वैद्यकात नाव नव्हते. पूर्वीच्या काळी असा मनुष्य धर्मोपदेशकाकडे गेला असता. विसाव्या शतकात तो वैद्याकडे येऊ लागला आणि त्याच सुमारास तो कादंबरीचा नायकही झाला. या दोन घटना एकाच काळात का घडल्या आणि त्यांचा परस्परांशी कोणता संबंध होता, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. अभ्यासासाठी १९०० ते १९३९ हा कालखंड निवडला आहे. फ्रॉइडच्या 'स्वप्नमीमांसा' या ग्रंथावर १९०० हे वर्ष छापलेले आहे (तो प्रत्यक्षात १८९९ च्या नोव्हेंबरमध्ये बाहेर पडला होता), तर १९३९ हे फ्रॉइडच्या मृत्यूचे आणि दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभाचे वर्ष होय.

१. आत्म्याविना मानसशास्त्र :
या प्रश्नाची पार्श्वभूमी एकोणिसाव्या शतकात शोधावी लागते. लायप्झिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट याने १८७९ मध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली आणि मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळे होऊन प्रायोगिक शास्त्र होऊ लागले. तत्पूर्वीच 'भौतिकवादाचा इतिहास' (पहिली आवृत्ती १८६६) लिहिणाऱ्या फ्रीडरिश लांगे याने 'आत्म्याविना मानसशास्त्र' ही कल्पना मांडली होती. संवेदना, प्रतिक्रियेचा वेळ, स्मरण, अवधान यांचे मोजमाप करता येते, त्यासाठी आत्मा नावाचे द्रव्य गृहीत धरण्याचे कारण नाही, अशी ही भूमिका होती. शास्त्राच्या दृष्टीने ती फलदायी ठरली. मात्र ज्या अनुभवांना उद्देशून लोक 'आत्मा' हा शब्द वापरत आले होते, ते अनुभव या मोजमापामुळे नाहीसे झाले नाहीत. त्यांना शास्त्रात जागा राहिली नाही, एवढेच.

याच शतकात दुसरा एक प्रवाहही वाहत होता. कार्ल गुस्टाव्ह कारुस या जर्मन वैद्याने १८४६ मध्ये 'सायकी' हा ग्रंथ लिहिला आणि जाणिवेच्या जीवनाचे मर्म अबोधाच्या प्रदेशात शोधले पाहिजे असे प्रतिपादन केले. एदुआर्ट फॉन हार्टमान याचा 'अबोधाचे तत्त्वज्ञान' हा ग्रंथ १८६९ मध्ये आला. म्हणजे 'अबोध' ही कल्पना फ्रॉइडच्या आधी तत्त्वज्ञानात रुजली होती. साहित्यात तर ती अधिक सजीव रूपात आली होती. दोस्तोएव्हस्कीची 'द्विरूप' ही लघुकादंबरी कारुसच्या ग्रंथाच्याच वर्षी, १८४६ मध्ये, प्रसिद्ध झाली. तिच्यातील सामान्य सरकारी कारकुनाला त्याचीच दुसरी प्रतिमा भेटते आणि ती हळूहळू त्याची जागा बळकावते. १८६४ च्या 'तळघरातील टिपणे' या कृतीतील निवेदक स्वतःच्या हिताविरुद्ध वागण्यातच आपले स्वातंत्र्य मानतो. माणूस आपल्याच घराचा पुरता धनी नाही, हे सत्य कादंबरीकाराने आधी ओळखले; त्याची परिभाषा नंतर घडली.

या बौद्धिक घडामोडींमागे सामाजिक वास्तव होते. बर्लिनची लोकसंख्या १८७१ च्या सुमारास आठ-नऊ लाख होती, ती १९०० मध्ये सुमारे १९ लाखांवर गेली. याच शहरात राहणाऱ्या गेओर्ग झिमेल या समाजशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये महानगर आणि मानसिक जीवन यांच्या संबंधावर आपला सुप्रसिद्ध निबंध लिहिला. महानगरातील मनुष्यावर क्षणोक्षणी इतक्या संवेदना आदळतात की स्वतःला वाचवण्यासाठी तो भावनेऐवजी बुद्धीने प्रतिसाद देऊ लागतो आणि शेवटी त्याला कशाचेच अप्रूप वाटेनासे होते, असे झिमेलचे विवेचन आहे. युंगच्या रुग्णांच्या पोकळपणाचे हे सामाजिक चित्र होय. गाव, पंथ, कुळ आणि व्यवसाय यांनी पूर्वी माणसाला जे आंतरिक स्थान दिले होते, ते त्याला आता स्वतःच शोधावे लागत होते.

२. व्हिएन्ना आणि झुरिक :
'गहन मानसशास्त्र' हे नाव झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयाचा प्रमुख ऑयगेन ब्लॉयलर याच्याशी जोडले जाते. जाणिवेच्या पृष्ठभागाखाली चालणाऱ्या मानसिक व्यापारांचा अभ्यास, असा त्याचा अर्थ. युंग १९०० च्या डिसेंबरमध्ये याच रुग्णालयात साहाय्यक वैद्य म्हणून दाखल झाला. त्याचा पिता प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होता. पित्याच्या श्रद्धेतला प्राण ओसरत गेल्याची आठवण युंगने वृद्धापकाळातही सांगितली आहे. धर्माची भाषा शिल्लक राहिली आणि अनुभव निघून गेला, ही युरोपची स्थिती त्याने प्रथम स्वतःच्या घरात पाहिली होती.

युंग आणि फ्रॉइड यांची पहिली भेट १९०७ मध्ये व्हिएन्ना येथे झाली आणि १९१३ च्या जानेवारीत त्यांचे व्यक्तिगत संबंध संपुष्टात आले. मतभेदाचा विषय वरकरणी कामप्रेरणेची व्याख्या हा होता. त्याखाली दुसरा प्रश्न होता : माणसाच्या मनातील प्रतिमा, मिथके आणि देवता या दडपलेल्या इच्छांची केवळ वेषांतरे आहेत, की त्यांना स्वतःचे काही म्हणणे आहे? फ्रॉइडने पहिले उत्तर दिले, युंगने दुसरे. दोघांचाही हेतू माणसाला स्वतःच्या आंतरिक जीवनाची जबाबदारी घ्यायला लावणे हा होता, ही गोष्ट त्यांच्या भांडणाच्या चर्चेत अनेकदा नजरेआड होते.

फुटीनंतरच्या काळात युंग स्वतःच तीव्र मानसिक उलथापालथीतून गेला. १९१३ च्या शरद ऋतूत त्याला युरोप महापुरात बुडत असल्याची दृश्ये दिसली. पुढच्या वर्षी महायुद्ध सुरू झाले. या काळातील प्रतिमा आणि संवाद त्याने आधी वह्यांत नोंदवले आणि नंतर सुलेखन व चित्रांसह एका लाल बांधणीच्या मोठ्या ग्रंथात उतरवले. हा 'लाल ग्रंथ' त्याच्या हयातीत अप्रकाशित राहिला. सोनू शामदासानी यांच्या संपादनाखाली तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मूळ वह्या २०२० मध्ये. या प्रकाशनांमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. युंगच्या सिद्धान्तांचा उगम ज्या लेखनात आहे, त्याचे रूप शास्त्रीय प्रबंधाचे नाही. त्यात पात्रे आहेत, संवाद आहेत, प्रवास आहे. दान्ते, गटे आणि नीत्शे यांच्या वाचनाचे संस्कार त्यावर उघड आहेत. आत्म्याशी बोलण्यासाठी या मनोवैद्याला साहित्याचीच रीत स्वीकारावी लागली.

युद्धाने हा प्रश्न खासगी राहू दिला नाही. ब्रिटिश सैन्यात युद्ध संपेपर्यंत 'शेल शॉक'ची सुमारे ८० हजार प्रकरणे नोंदली गेली होती. शरीराला जखम नसताना वाचा जाणे, हातपाय लुळे पडणे, रात्री किंचाळत उठणे अशी लक्षणे धडधाकट तरुणांत दिसत होती. एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या वैद्याने १९१७ मध्ये कवी सिगफ्रीड ससून याच्यावर उपचार केले. युद्धाच्या भीषण आठवणी दडपून टाकण्यापेक्षा त्यांना सामोरे जाणे हितकर, अशी रिव्हर्सची धारणा होती. फ्रॉइडचे सर्व सिद्धान्त त्याने मानले नाहीत, पण दडपणाची संकल्पना त्याला उपयोगी वाटली. पुढे व्हर्जिनिया वूल्फच्या 'मिसेस डॅलोवे' (१९२५) या कादंबरीत असाच एक सैनिक येतो. त्याच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यांना त्याचे दुःख ऐकूच येत नाही आणि तो आत्महत्या करतो. वूल्फ दांपत्याच्या होगार्थ प्रेसने १९२४ पासून फ्रॉइडचे लेखन इंग्रजीत प्रसिद्ध केले, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

३. हेस : उपचारातून कादंबरीकडे :
साहित्य आणि गहन मानसशास्त्र यांच्या प्रत्यक्ष भेटीचे सर्वांत बोलके उदाहरण हेर्मान हेस याचे आहे. त्याचे मातृघराणे भारताशी जोडलेले होते. आजोबा हेर्मान गुंडर्ट यांनी मलबारात धर्मप्रचारक म्हणून काम केले आणि मल्याळम भाषेचा कोश व व्याकरण रचले. धर्माच्या कडक शिस्तीत वाढलेला हेस शाळेतून पळाला, घड्याळाच्या कारखान्यात आणि पुस्तकांच्या दुकानात राबला आणि अखेर लेखक झाला. १९१६ मध्ये पित्याचा मृत्यू, मुलाचे आजारपण, पत्नीचा मानसिक विकार आणि युद्धविरोधी लेखनामुळे जर्मनीत झालेली निंदा यांच्या एकत्रित आघाताने तो कोसळला. ल्युसर्नजवळील रुग्णालयात योसेफ बर्नहार्ड लांग या वैद्याने त्याच्यावर उपचार केले. लांग हा युंगचा शिष्य होता.

या उपचारांनंतर १९१७ मध्ये हेसने 'डेमिआन' ही कादंबरी लिहिली. ती १९१९ मध्ये एमिल सिंक्लेअर या टोपणनावाने प्रसिद्ध झाली आणि नवोदितांसाठीचा फोन्टाने पुरस्कार तिला मिळाला. लेखक नवोदित नसल्याने हेसने तो परत केला. खरा लेखक कोण हे युंगने ओळखले होते. १९१९ च्या डिसेंबरमध्येच त्याने हेसला अभिनंदनाचे पत्र पाठवले. कादंबरीतील पिस्टोरिउस हा ऑर्गनवादक गुरू लांगच्या व्यक्तिमत्त्वावरून घेतलेला आहे. नायकाला तो स्वप्नांकडे पाहायला शिकवतो आणि चांगले व वाईट या दोहोंना सामावणाऱ्या अब्राक्सास या प्राचीन देवतेची ओळख करून देतो. युंगच्या १९१६ मधील खासगीरीत्या छापलेल्या 'मृतांना सात प्रवचने' या लेखनातही हीच देवता येते. मात्र कादंबरीत एका टप्प्यावर नायक या गुरूपासून दूर जातो. पिस्टोरिउसचे ज्ञान जुन्या ग्रंथांतून आलेले आहे आणि नायकाला स्वतःची वाट हवी आहे. जो उपचार लेखकाला जगवून गेला, त्याच्या मर्यादेची जाणीव त्याच कादंबरीत नोंदलेली आहे.

'सिद्धार्थ'च्या लेखनाचा इतिहासही असाच उद्बोधक आहे. या कादंबरीचा पहिला भाग हेसने चटकन लिहिला आणि नंतर लेखन दीड वर्षाच्या आसपास ठप्प झाले. त्याग आणि साधना यांचे वर्णन त्याला जमले होते. साधनेच्या पलीकडे जाऊन स्थिरावलेल्या माणसाचे चित्र जमत नव्हते, कारण तो अनुभव त्याच्यापाशी नव्हता. या खंडाच्या काळात, १९२१ मध्ये, तो युंगकडे विश्लेषणासाठी गेला. 'सिद्धार्थ' १९२२ मध्ये पूर्ण होऊन प्रसिद्ध झाली. तिचे श्रेय केवळ विश्लेषणाला देणे योग्य होणार नाही; भारतीय व चिनी विचारांचे वाचन, एकांतवास आणि चित्रकला यांचाही त्यात वाटा आहे. विश्लेषणाने हेसला कथानक पुरवले नाही. न जगलेली गोष्ट लिहिता येत नाही, हे मान्य करून थांबण्याचे बळ मात्र या काळाने त्याला दिले, असे म्हणता येते.

१९२७ च्या 'स्टेपनवुल्फ'मध्ये आधुनिक जीवनाचा प्रश्न थेट येतो. पन्नाशीच्या आसपासचा विद्वान हॅरी हालर स्वतःला अर्धा मनुष्य आणि अर्धा लांडगा समजतो. कादंबरी त्याची ही समजूतच उडवून लावते : माणसात दोनच आत्मे कल्पिणे हे बाळबोधपणाचे आहे, तो असंख्य आत्म्यांचा समूह आहे. जाझ संगीत, रेडिओ, नृत्यगृह या नव्या शहरी गोष्टींचा तिटकारा करणाऱ्या या विद्वानाला त्यांच्यातूनच जाऊन स्वतःवर हसायला शिकावे लागते. आधुनिक जीवनाकडे पाठ फिरवून आत्मा सापडत नाही, हे हेसचे म्हणणे येथे स्पष्ट होते.

हेस आणि युंग यांचे संबंध आदराचे राहिले, पण एकमताचे नव्हते. १९३४ मध्ये 'उदात्तीकरण' या संकल्पनेवरून त्यांच्यात पत्रव्यवहार झाला. फ्रॉइडची ही संकल्पना युंगला फसवी वाटत होती. कलावंताच्या दीर्घ, शिस्तबद्ध आणि त्यागपूर्ण परिश्रमाला मात्र हाच शब्द शोभतो, असे हेसचे मत होते. वैद्याची नजर प्रेरणेवर होती, लेखकाची श्रमावर. दोघांच्या भूमिकांतील हा फरक पुढील उदाहरणात अधिक तीव्र होतो.

४. जॉइस : ग्रंथ आणि रुग्ण :
जेम्स जॉइस पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ ते १९१९, झुरिक येथे राहत होता आणि 'युलिसिस' लिहीत होता. एडिथ रॉकफेलर मॅकॉर्मिक ही धनाढ्य अमेरिकन स्त्री युंगची रुग्ण व आश्रयदाती होती. तिने १९१८ पासून जॉइसला दरमहा एक हजार फ्रँकचे साहाय्य सुरू केले आणि १९१९ मध्ये ते अचानक थांबवले. युंगकडून विश्लेषण करून घ्यावे ही तिची सूचना जॉइसने मानली नव्हती आणि साहाय्य थांबण्यामागे हेच कारण असावे, असे तेव्हा बोलले गेले. मनोविश्लेषणाविषयी जॉइसला आयुष्यभर तिटकारा होता. असे असूनही २ फेब्रुवारी १९२२ रोजी पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'युलिसिस'ने जाणिवेच्या प्रवाहाचे जे चित्रण केले, ते तत्कालीन मानसशास्त्राच्या कोणत्याही प्रकरण-वृत्तांताहून समृद्ध होते.

'युलिसिस'च्या जर्मन आवृत्तीसाठी प्रस्तावना लिहिण्याची विनंती प्रकाशकाने युंगला केली. युंगने जे लिहिले ते प्रस्तावना म्हणून स्वीकारण्याजोगे ठरले नाही. सुधारित रूपात तो निबंध १९३२ मध्ये एका नियतकालिकात आला. ग्रंथ वाचताना आपण कंटाळलो, चिडलो, चक्क झोपी गेलो, असे युंगने त्यात मोकळेपणाने कबूल केले आहे. हा ग्रंथ वाचकाकडे पाठ फिरवतो, त्याला कुठलाच आधार देत नाही, ही त्याची तक्रार होती. स्किझोफ्रेनियाशी असलेले साम्य त्याला जाणवले, तरी ग्रंथ रोगाचे फळ आहे असा निष्कर्ष त्याने काढला नाही. भावुकतेने बुजबुजलेल्या काळावर हा थंडपणा उतारा आहे, असे त्याने शेवटी मांडले. जॉइसला लिहिलेल्या पत्रात अखेरच्या प्रकरणातील स्त्रीच्या स्वगताची त्याने मनापासून प्रशंसा केली.

निबंध अपुरा आहे, हे त्यातील चिडीवरूनच कळते. मात्र त्याची किंमतही तीत आहे. बहुतेक मनोविश्लेषक साहित्यकृतीला आपल्या सिद्धान्ताचे उदाहरण बनवत असत. युंगला 'युलिसिस' तसा वापरता आला नाही. ग्रंथाने विरोध केला आणि युंगने तो विरोध नोंदवला.

दोन वर्षांनी दोघांचा संबंध अधिक दुःखद कारणाने आला. जॉइसची कन्या ल्युसिया मानसिक आजाराने ग्रस्त होती. अनेक वैद्य झाल्यावर १९३४ च्या सप्टेंबरमध्ये तिला युंगच्या उपचाराखाली ठेवण्यात आले. सुरुवातीला थोडी सुधारणा दिसली, पण १९३५ च्या आरंभी हा प्रयत्न संपला. मुलीचे तुटक, विलक्षण बोलणे म्हणजे नव्या भाषेचा पूर्वसंकेत आहे, असे जॉइसला वाटत होते. तो स्वतः त्या वेळी 'फिनेगन्स वेक' लिहीत होता आणि भाषेची मोडतोड करत होता. दोघेही नदीच्या तळाकडे जात आहेत, पण बाप बुडी मारतो आहे आणि मुलगी बुडते आहे, अशा आशयाचे युंगचे उत्तर जॉइसच्या चरित्रात नोंदले गेले आहे.

हा दृष्टान्त प्रसिद्ध आहे आणि त्यात तथ्यही आहे. कलावंत अबोधात उतरतो आणि परत येतो, रुग्णाला परतीची वाट सापडत नाही. तरीही या घटनेतील सर्वांत अस्वस्थ करणारी बाजू ल्युसियाची आहे. पित्याने तिच्यात प्रतिभा पाहिली, वैद्याने पित्याच्या अबोधाचे प्रतीक पाहिले. ती पुढे १९८२ पर्यंत जगली, त्यांतील अनेक दशके रुग्णालयांत. आत्म्याचा शोध घेणाऱ्या त्या काळातील दोन थोर पुरुषांना समोरच्या तरुण स्त्रीचे म्हणणे कितपत ऐकू आले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने टाळू नये.

५. मर्यादा आणि धोका :
मानसशास्त्राला साहित्याबाबत किती बोलता येते, याचे भान दोन्ही आचार्यांना होते. दोस्तोएव्हस्कीवरील १९२८ च्या निबंधात पितृहत्येच्या इच्छेचे विश्लेषण करणाऱ्या फ्रॉइडने, सर्जनशील कलावंताच्या प्रश्नासमोर विश्लेषणाला शस्त्रे खाली ठेवावी लागतात, असे आरंभीच मान्य केले. युंगने १९३० मधील 'मानसशास्त्र आणि साहित्य' या निबंधात दोन प्रकारच्या कृतींत भेद केला. काही कृती जाणिवेच्या परिचित प्रदेशातील सामग्री घेतात. त्यांचे स्पष्टीकरण लेखकाने स्वतःच केलेले असते. दुसऱ्या कृती 'दर्शनात्मक' असतात. दान्तेचे काव्य किंवा 'फाउस्ट'चा दुसरा भाग ही त्यांची उदाहरणे. त्यांतील अनुभव लेखकाच्या चरित्रात मावत नाही. लेखकाच्या बालपणावरून कृतीचा अर्थ लावण्याची रीत युंगला म्हणूनच अमान्य होती.

परंतु युंगच्या मार्गातही धोका होता. व्यक्तीपलीकडील सामूहिक अबोधाची भाषा वंशाच्या भाषेला सहज जाऊन मिळू शकते. १९३३ मध्ये बर्लिनच्या चौकात फ्रॉइडचे ग्रंथ जाळले गेले. त्याच वर्षी युंगने मानसोपचाराच्या एका वैद्यकीय संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारले. तिचा जर्मन विभाग नाझी नियंत्रणाखाली गेला होता. ज्यू आणि जर्मन मनांतील भेदाविषयी त्याने १९३४ मध्ये केलेली विधाने तेव्हाच टीकेचा विषय झाली. आपण ज्यू सहकाऱ्यांना मदत करण्यासाठी हे पद घेतले, असे त्याचे स्पष्टीकरण होते आणि तशी मदत त्याने केल्याचे दाखलेही आहेत. तथापि त्या शब्दांची जबाबदारी त्यामुळे टळत नाही. फ्रॉइडला १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडावे लागले आणि १९३९ च्या सप्टेंबरमध्ये लंडन येथे त्याचे निधन झाले. अर्थ हरवलेल्या माणसांना सामूहिक अर्थ किती वेगाने आणि किती निर्दयपणे पुरवला जाऊ शकतो, हे या वर्षांनी दाखवून दिले. एकट्या माणसाने स्वतःचा आत्मा शोधण्याचा कष्टप्रद मार्ग त्या तुलनेत अधिक सुरक्षित होता.

६. शब्दाचा प्रश्न आणि मराठी संदर्भ :
या इतिहासात भाषांतराने मोठी भूमिका बजावली आहे. फ्रॉइडने १८९० मधील एका लेखात 'मानसोपचार' या शब्दाचा अर्थ समजावून सांगताना ग्रीक 'सायकी' म्हणजे जर्मनमधील 'झेले', अर्थात आत्मा, असे म्हटले आहे. हा 'झेले' शब्द त्याच्या लेखनात सर्वत्र आहे. इंग्रजीच्या २४ खंडांच्या प्रमाण आवृत्तीत (१९५३ ते १९७४) मात्र त्याच्या जागी बहुधा 'मन'वाचक शब्द आले. भाषांतरातून आत्मा गळाला आणि फ्रॉइड होता त्याहून अधिक यांत्रिक दिसू लागला, असा आक्षेप ब्रूनो बेटेलहाइम याने १९८० च्या दशकाच्या आरंभी घेतला. फ्रॉइड निरीश्वरवादी होता. त्याचा आत्मा अमर नाही. प्रेम करणारा, दुखावला जाणारा, स्वतःला फसवणारा मनुष्याचा गाभा, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मराठी अभ्यासकापुढे अडचण उलट दिशेने येते. 'झेले'साठी 'आत्मा' हा शब्द योजला की वेदान्तातील अज, अविकारी, साक्षीरूप तत्त्व मनात येते. असा आत्मा आजारी पडत नाही, त्यामुळे त्याच्यावर उपचार संभवत नाही. ज्या गोष्टीविषयी फ्रॉइड, युंग आणि हेस बोलत होते, तिला मराठीत 'जीव' हा शब्द अधिक जवळचा आहे. जीव गुदमरतो, कासावीस होतो, रमतो, तुटतो. 'अबोध मन' याला पर्यायी असलेल्या 'नेणीव' या शब्दाचीही हीच गोष्ट. संतसाहित्यात जाणीव आणि नेणीव ही जोडी परिचित आहे, पण तेथील नेणीव म्हणजे न जाणणे होय. इच्छा आणि आठवणी दडवून ठेवणारा सक्रिय प्रदेश असा तिचा अर्थ नाही. जुन्या शब्दाने नवी संकल्पना सुलभ होते, तशीच ती झाकलीही जाते. अध्यापनात हा फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे.

भारतात या विचाराची संस्थात्मक सुरुवात कोलकात्यात झाली. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली आणि फ्रॉइडशी दीर्घ पत्रव्यवहार करून आपली स्वतंत्र मतेही त्याला कळवली. युंग १९३७ च्या डिसेंबरमध्ये मुंबईस उतरला. भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनाचे त्याला निमंत्रण होते. सांचीच्या स्तूपाचा त्याच्यावर खोल परिणाम झाला. रमण महर्षींची भेट मात्र त्याने घेतली नाही. दुसऱ्या संस्कृतीचे सत्य उसने घेऊन आपले दुखणे बरे होणार नाही, ही त्यामागील भूमिका होती.

मराठी साहित्यात संज्ञाप्रवाहाचे तंत्र बा. सी. मर्ढेकर यांच्या 'रात्रीचा दिवस' (१९४२) या कादंबरीत आले. या तंत्रामागे जॉइस व वूल्फ यांच्या पिढीचे संस्कार आहेत. गंगाधर गाडगीळ यांच्या नवकथेने पुढे मध्यमवर्गीय शहरी मनाचे असेच सूक्ष्म चित्रण केले. विशेष म्हणजे कादंबरीत मनाच्या तळाशी उतरणारे मर्ढेकर समीक्षक या नात्याने मात्र साहित्याचे मोल मानसशास्त्रावर टेकवत नाहीत. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी होणारी रचना हाच त्यांच्या दृष्टीने सौंदर्याचा निकष आहे. मनाची सामग्री आणि कलेची रचना यांची गल्लत करू नये, हा त्यांचा आग्रह हेसने युंगला लिहिलेल्या पत्रांतील भूमिकेच्या बराच जवळ जातो. दोघांनीही अबोधाचा उपयोग केला, पण कलावंताचे काम त्याच्या स्वाधीन केले नाही.

समारोप :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, आत्म्याचा प्रश्न विसाव्या शतकात धर्मशास्त्राचा सिद्धान्त म्हणून परतला नाही. तो रुग्णाची तक्रार आणि पात्राची घुसमट या रूपांत परतला. त्यामुळे वैद्य आणि कादंबरीकार एकाच दाराशी येऊन उभे राहिले. दुसरा, दोघांची भेट जेथे परस्परांची मर्यादा पाळून झाली तेथे ती फलदायी ठरली. हेसला विश्लेषणाने जगण्याचे आणि लिहिण्याचे बळ दिले, कारण त्याने विश्लेषकाची भाषा उत्तर म्हणून स्वीकारली नाही. तिसरा, ल्युसिया जॉइसचे उदाहरण असे सांगते की दुःखी माणसाला प्रतीक समजणे हा सर्वांत सुसंस्कृत स्वरूपाचा अन्याय असू शकतो.

महाविद्यालयीन अध्यापनात मनोविश्लेषणात्मक समीक्षा पुष्कळदा पात्रांना गंडांची नावे देण्यापुरती उरते. हॅम्लेटला एक गंड, देवदासला दुसरा, आणि उत्तरपत्रिका पूर्ण होते. हा इतिहास वेगळी रीत सुचवतो. साहित्यकृतीने कुठे विरोध केला, सिद्धान्त कुठे अडखळला, हे विद्यार्थ्याला दाखवता आले तर त्याला दोन्ही शास्त्रांचे मोल कळेल. युंगच्या खोलीत आलेल्या त्या एक तृतीयांश रुग्णांचा प्रश्न आजच्या विद्यार्थ्यांनाही अपरिचित नाही. सगळे काही असूनही जिवाला बरे वाटत नाही, असे म्हणणारी मुले वर्गात समोर बसलेली असतात. त्यांच्यासमोर 'स्टेपनवुल्फ' किंवा 'रात्रीचा दिवस' उघडताना अध्यापकाने गंडाचे नाव सांगण्याची घाई करू नये. आधी त्या पानांतील माणसाचे म्हणणे पुरते ऐकू द्यावे.